नाल्याकाठचा ढीग

रानशाळा, गोसीखुर्दच्या पाण्याकाठी
१२ जानेवारी २०२५

भुपेंद्रभाऊ,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडता कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता डिंपलकडून लिहून घेणार आहे. डिंपल माझ्यासोबत काम करते, भंडाऱ्याची पोरगी, अक्षर मोत्यासारखं. आता फोडलंच आहेस तर पूर्ण वाच. फोन तू उचलत नाहीस. बाबांच्या तेरवीनंतर गेलास तो गेलासच, एप्रिलमध्ये सात वर्षं होतील.

राखी इथे आहे. घाबरू नको, चांगली आहे. नागपूरच्या कॉलेजांतली वीस पोरं आठ दिवसांसाठी आली आहेत, त्यांच्यात ती आहे. काल गाडीतून उतरली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बारा वर्षांची असताना पाहिली होती, आता माझ्या खांद्याला लागते. मी विचारलं, "घरी मालूम आहे न?" तर म्हणाली, "हो काका, बाबाले सांगूनच आली." हे म्हणताना ती बुटाची नाडी बांधत होती. तूही खोटं बोलताना खालीच पाहायचास. म्हणून हे पत्र.

तुझ्या मनात या शाळेचं काय आहे ते मला माहीत आहे. बाबा मोहफुलं वेचायला एकटे गेले, कारण त्या दिवशी मी इथे नोकरीच्या मुलाखतीला आलो होतो. वाघानं त्यांना नेलं. "तुझ्या शाळेनं बाप खाल्ला," असं तू सगळ्यांसमोर म्हणालास. पण शाळेबद्दल थोडं सांगतो, कारण तुझी पोरगी इथे आहे.

इथे शहरातल्या पोरांना नाव चालवायला, गाठी मारायला, नकाशावर वाट काढायला शिकवतात. रोज एकजण पुढारी होतो आणि बाकीच्यांना त्याचं ऐकावं लागतं. शेवटी एकांत असतो. प्रत्येकाला पाण्याकाठी वेगळी जागा देतात. एक ताडपत्री, कोरडं खाणं, पाणी, शिट्टी. तीन रात्री एकट्यानं राहायचं, ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. आम्ही त्यांच्याशी बोलायचं नाही, तोंडही दाखवायचं नाही. मग ते ठीक आहेत हे कळणार कसं? त्याला आमची रीत आहे. मी पाच दगडांचा पाया रचून देतो. पोरानं रोज दुपारच्या आत त्यावर एक दगड ठेवायचा. संध्याकाळी पाच वाजता मी येतो, दगड मोजतो आणि परत जातो. याला आम्ही मूक फेरी म्हणतो. दगड वाढला नसेल तर मात्र धावत आत शिरायचं. इतक्या वर्षांत एकदाच शिरावं लागलं. पोरगं झोपलं होतं.

जागा चिठ्ठ्या टाकून ठरवतात. राखीला आपल्या जुन्या गावाजवळची जागा निघाली. धरणाच्या पाण्यात सगळं गेलं नाही, वरची आळी अजून पाण्याबाहेर आहे. भिंती नाहीत, पण आपल्या घराचं जोतं दिसतं. योगायोग म्हणायचा.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. १८ला शेवटचा दिवस, त्या दिवशी घरच्यांना येऊ देतात, तेव्हा तिला घेऊन जाईन आणि समोर नात उभी करीन. तिची तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो पण सरपणाला जाणं सोडत नाही. तलावाकडच्या वाटेवर चिखलात पंजे दिसले, म्हणून चार दिवसांपासून गावातल्या बाया नाल्याकडून जातात. आईही तिकडूनच जाते.

तू हो म्हणत असशील तर काही करू नको. नाही म्हणत असशील तर मला फोन कर, मी पोरीला लगेच गाडीत बसवून देतो. उद्या पवनीला जाणार आहे, तेव्हा टाकतो हे पत्र.

मंगेश


नवं गावठाण
१७ जानेवारी, संध्याकाळ

भाऊ,

तुझा फोन आला नाही, म्हणजे राग थोडा उतरला असं मी धरून चाललो आहे. आज फेरी संपवून घरी जेवायला आलो. आई चुलीजवळ आहे, मी दारात बसून लिहितो आहे. तिला सांगितलं, शाळेचा अहवाल लिहितो.

परवा दुपारी राखीला जागेवर सोडलं. ताडपत्री तिनं एकटीनं बांधली आणि गाठ अशी मारली की मीच पाहत राहिलो. पहिला दगड माझ्यासमोर ठेवला. जाताना म्हणाली, "काका, आजी कशी दिसते आता?" मी म्हणालो, तीन दिवसांनी पाहशील. मग नियम आठवला आणि तोंड बंद करून निघालो.

काल पाच वाजता गेलो. सात दगड. आज गेलो, आठ. हिशेब बरोबर. आजचा दगड चांगलाच मोठा होता, दोन हातांनी उचलावा लागला असेल. म्हटलं, पोरगी मजबूत आहे, आपल्या घरावर गेली. झाडांतून निळी ताडपत्री दिसत होती, जशीच्या तशी. मी मोटारसायकल बंदही केली नाही, एक पाय टेकवून मोजले आणि वळलो.

जुन्या गावावर पारवे फिरत होते. काल फिरत होते, आजही. आपल्या आळीतल्या विहिरीत त्यांचा वस्तीचा थवा आहे, तुला आठवत असेल. एव्हाना आत उतरून बसायला पाहिजेत, तर गोल गोल फिरत होते, खाली येत होते आणि पुन्हा वर जात होते. वाटलं, ससाणा असेल. तसंही इकडे सध्या सगळंच बिचकलेलं आहे. गायी तलावाकडे पाय टाकत नाहीत. गावातलं एक कुत्रं सोमवारपासून दिसलं नाही. मोठे सर म्हणतात पंजे दुसऱ्या काठाचे आहेत, आपल्या पोरांना धोका नाही. मोठे सर म्हणजे आमच्या शाळेचे प्रमुख, पुण्याचे. दुसरा काठ म्हणजे त्यांना फार लांब वाटतो.

एक कबुली देऊन ठेवतो, मनात सलते आहे. पहिलं पत्र अजून माझ्या पिशवीतच आहे. पवनीला गेलो होतो, टपालपेटीसमोर उभाही राहिलो. तू पोरीला परत बोलावशील अशी भीती वाटली. उद्या आई तिला भेटली की मग दोन्ही पत्रं एकदम टाकीन. तेव्हा तू काय ओरडायचं ते ओरड.

आई बोलते आहे काहीतरी. तिचं बोलणंही लिहितो, तेवढीच ती तुला ऐकू येईल. म्हणते, "मंग्या, त्या नाल्यापाशी कोनाले नेलं रे वाघानं?"

मी म्हटलं, कोणालाच नाही. बाबांनंतर इकडे कोणाला नेलं नाही.

"मग ढीग कायचा आहे तिथं? नवा आहे. काल सरपनाले गेली त पाह्यली. कोन्या गावचा मानूस असन बाप्पा, आपल्याले काय मालूम. हात जोडली न एक गोटा ठेवली. आज बी ठेवली, मोठा पाहून. तुझ्या बापाच्या ढिगावर नाई का लोकं ठेवत? कोनी न कोनी ठेवतेच."

भाऊ, आठातले दोन तिचे आहेत.

मी उठतो.


नागपूर, दवाखान्याच्या बाहेर
२१ जानेवारी

भाऊ,

तू आत आहेस आणि मी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसलो आहे. सकाळी जिन्यात आपण समोरासमोर आलो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बरं केलंस, मला नजर देता आली नसती.

तुला शाळेनं फोनवर काय सांगितलं ते मला माहीत आहे. १७ला दुपारी पोरगी हद्द सोडून जुन्या गावात गेली, विहिरीत पडली, आणि आमच्या जागरूक शिक्षकानं दोन-तीन तासांत तिला शोधून काढलं. जागरूक शिक्षक म्हणजे मी. छापील कागदावर तसंच लिहिलेलं आहे आणि खाली माझी सही आहे. मोठ्या सरांनी कागद पुढे केला, म्हणाले, "मंगेश, तिनं हद्द ओलांडली हे तर खरंच आहे ना? बाकीचं लिहून कोणाचं भलं होणार आहे?" मी पेन घेतला.

आता खरं लिहितो.

ती १६ला सकाळी पडली. त्या दिवसाचा दगड तिनं ठेवलाच नव्हता. मी दोन्ही संध्याकाळी आईचे दगड मोजून परत गेलो. पस्तीस तास ती त्या विहिरीत होती. तळाला गुडघाभर पाणी होतं, ती एका दगडाच्या कपारीत अंग चोरून बसली होती. पाय मांडीतून मोडलेला. शिट्टी ताडपत्रीच्या दोरीला लटकत होती. थंडी किती पडली आहे ते तुला सांगायला नको. त्या संध्याकाळी पारवे आठवले म्हणून मी विहिरीकडे धावलो; दोर सोडून उतरलो तेव्हा ते माझ्या तोंडावर आदळत वर गेले. तिनं डोळे उघडले. वर काढून गाडीत ठेवेपर्यंत तिनं माझ्या सदऱ्याची बाही सोडली नाही.

आणखी आहे. चिठ्ठी निघाली असं मी तुला लिहिलं, ते खोटं. तिला पाण्याच्या दुसऱ्या अंगाची, डिंपलच्या हाताखालची जागा निघाली होती. मी चिठ्ठी बदलली. मला वाटलं, पोरीनं आपल्या घराचं जोतं पाहावं. तू तिला कधी दाखवणार नाहीस हे मला माहीत होतं. तिनं ते लांबून पाहिलं आणि जवळून पाहायला गेली, यात तिचा काय दोष? त्या आळीत विहीर आहे हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. वर बेशरमाची झुडपं माजली आहेत, तोंड दिसत नाही.

नियमाप्रमाणे ढीग पोराच्या ताडपत्रीपासून दहा पावलांवर पाहिजे. मी तो नाल्याकाठच्या पायवाटेवर रचला, म्हणजे मोटारसायकल तिथपर्यंत जाते, उतरून चालावं लागत नाही. त्या वाटेनं आता बाया जातात हेही मला माहीत होतं. वाघानं माणूस नेला त्या जागी आपली माणसं ढीग रचतात आणि येताजाता त्यावर दगड ठेवतात, हे पुण्याच्या मोठ्या सरांना कळलं नसतं तर मी समजू शकतो. मला कळायला पाहिजे होतं. बाबांच्या ढिगावर मी स्वतः किती दगड ठेवले आहेत. हातानं रचताना तसाच रचला, पाच दगड, वर निमुळता. आई फसली नाही रे. तिनं जे पाहिलं ते अगदी बरोबर ओळखलं होतं.

तिला मी सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी मी ताट सोडून पळालो, म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "मी ढिगाचं बोलली न तू पळाला. काहून?" मी म्हटलं, तू बोललीस म्हणून माझ्या लक्षात आलं, तुझ्यामुळे पोरगी सापडली. हे खोटं नाही. ती आता गावभर सांगते, माझ्या एका बोलण्यानं नात वाचली. शेजारच्या विमलाबाईला तर तिनं तीनदा सांगितलं. मी ऐकतो आणि पाणी भरायला जातो.

हे पत्र तुला द्यायला म्हणून तीनदा रस्ता ओलांडून आलो. पहारेकऱ्याला वाटलं मी चोर आहे.

मंगेश


नवं गावठाण
२६ जानेवारी

भाऊ,

काल डिंपल राखीजवळ बसली होती, तेव्हा तू औषधं आणायला खाली गेला होतास. पोलीस परवाच राखीचा जबाब घेऊन गेले. डिंपलनं मला तो सांगितला. राखीनं लिहून दिलं आहे की १६ला आणि १७ला, दोन्ही दिवस दगड तिनंच ठेवले. १७ला दुपारी दगड ठेवून ती फिरायला गेली आणि पडली. चूक तिची. काकांनी वेळेवर शोधलं नसतं तर ती वाचली नसती.

मी डिंपलला म्हटलं, पोरीला ताप होता, तिला आठवत नसेल. डिंपल म्हणाली, "मंगेशदादा, तिले सगळं आठवते. तुमची गाडी दोनदा आली न दोनदा गेली, तेबी आठवते."

भाऊ, तिनं मला हाका मारल्या होत्या. पहिल्या दिवशी आवाज होता तोवर. मोटारसायकल मी बंद केली असती तर ऐकू आल्या असत्या. दुसऱ्या दिवशी तिच्या घशातून आवाज निघत नव्हता, म्हणून ती भिंतीवर दगड आपटत राहिली. पारवे त्यानं उठत होते. मी ते पाहिले, आणि घरी येऊन तुला लिहिलंसुद्धा.

मग खोटं काहून बोलली, असं डिंपलनं तिला विचारलं. राखी म्हणाली, "बाबा काकाले एकदा सोडून गेले, आता तर तोंडच नाई पाहनार. मग मले आजी कशी भेटन? मी तर त्याच्याचसाठी आली होती इथं." ती नाव चालवायला आली नव्हती भाऊ. अठरा वर्षांची पोर, तुला न सांगता, आपल्या दोघांचं भांडण मिटवायला आली होती. तिला वाटलं, काकांच्या शाळेत जाऊ, काका आजीकडे नेतील, आजी बाबांना बोलावेल. आणि विहिरीतून निघाल्यावरही तिनं तेच काम पुढे चालवलं.

डॉक्टर म्हणतात पाय वाचेल, पण लंगडेल. तिच्या त्या जबाबानं मी सुटलो. शाळा सुटली. मोठ्या सरांनी काल मला मिठाईचा डबा दिला. मी तो वाटेत गायीला घातला, डब्यासकट नाही.

बाबांच्या वेळी मी गप्प राहिलो होतो. तू ओरडलास, मी मान खाली घातली, लोकांना वाटलं किती सोशीक पोरगा. तसं नव्हतं. त्या दिवशी मुलाखत दुपारी होती. सकाळी बाबांसोबत जाऊन मला आरामात परत येता आलं असतं. झोपून राहिलो, आणि नंतर सगळ्यांना मुलाखत सांगितली. हे आजपर्यंत आईलासुद्धा माहीत नाही. तुझ्या रागाला मी सात वर्षं अन्याय समजत आलो, आणि तू खरं तर मला कमीच रागावला होतास.

उद्या सकाळी पवनीच्या ठाण्यात जातो आहे. सगळं लिहून देणार, चिठ्ठीपासून मोटारसायकलीपर्यंत. राखीचा जबाब खोटा आहे आणि तो माझ्यासाठी दिलेला आहे, हेही सांगणार. नोकरी जाईल, ती जाऊ दे. खटला झाला तर होऊ दे. फक्त एक नाव मी लिहिणार नाही. दगड कोणी ठेवले असं विचारलं तर म्हणेन, वाटेनं जाणाऱ्या बायांनी. तिला ठाण्यात उभी करण्याची माझी हिंमत नाही, आणि त्याबद्दल मला लाजही वाटत नाही.

राहिली आई. रोज विचारते, "मले कवा नेशीन नागपूरले? नातीले डोळ्यानं तरी पाहू दे." मी ठाण्यातून कधी सुटेन सांगता येत नाही, म्हणून उद्या पहाटे तिला बसमध्ये बसवून देतो. पहिल्या पत्रापासून हे शेवटचं, चारही एका पाकिटात घालून तिच्या पिशवीत ठेवली आहेत, मुरमुऱ्याच्या लाडवांच्या डब्याखाली. तिला सांगितलं आहे, हे भाऊच्या हातातच द्यायचं. तिनं पदराच्या टोकानं पुसून आत ठेवलं.

तिला वाचता येत नाही. तुझ्या हातात दिल्यावर ती तिथेच बसेल, राखीच्या पलंगाजवळ, आणि तू वाचून होईपर्यंत तुझ्या तोंडाकडे पाहत राहील. मग विचारेल, काय लिहिलं मंग्यानं?

तेव्हा तू काय सांगायचं, ते मला सुचत नाही.

मंगेश